आत्तींना घेऊन मालवण ते शिरोडा: किलोमीटर नंतर मोजा, आधी वाटा मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आत्ती ७१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. रोज पहाटे रंकाळ्यावर चालतात. डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बीपीची गोळी चालू आहे. हिवाळ्यात मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, पाठीवर सामान घेऊन, पाच-सहा दिवस चालत जायचं असं तुम्हा दोघांच्या मनात आहे आणि घरातले निम्मे लोक तुम्हाला वेड्यात काढतायत. जमेल का, आणि जमवायचं तर कसं?

जमेल. फक्त पाठीवरचं सामान तेवढं विसरा. मी बरीच वर्षं कोल्हापुरातून साठीपुढच्या माणसांना कोकणात पायी फिरवतोय. ओझं घेऊन चालायची हौस पन्हाळा-पावनखिंडीला भागवावी. इथे सामान गाडीतून पुढे जाईल आणि आत्तींच्या पाठीवर काही नसेल. तुमच्या पाठीवर पाणी, छत्री, गोळ्या आणि खायला काहीतरी, बस्स.

दिवसाला किती चालायचं, हे सगळे आधी विचारतात आणि मी शेवटी सांगतो. आधी नकाशा उघडून पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, गाडीरस्त्याला बाहेर पडायच्या वाटा कुठे आहेत ते बघायचं. मालवणच्या दांडीपासून वायरी, तारकर्ली, देवबाग हा सलग वाळूचा पट्टा आहे. पुळणीला लागून माडांच्या वाड्या, वाड्यांमागे रस्ता, आणि थोड्याथोड्या अंतरावर रस्त्याकडे नेणारी एखादी पाणंद, म्हणजे अरुंद वाट. इथे सहा-सात किलोमीटर चालणं मला धोक्याचं वाटत नाही. पोटात कळ आली, चप्पल तुटली किंवा नुसता कंटाळा आला, तरी दहा मिनिटांत माणूस सावलीत खुर्चीवर बसतो. भोगवे ते निवती नकाशावर बोटभर दिसतं, पण मध्ये कातळाचा डोंगर थेट पाण्यात उतरलेला आहे. फोनची रेंज जाते आणि खाली पाय मुरगळला तर उचलून आणायला चार माणसं लागतात. आत्तींसाठी ते दोन किलोमीटरही जास्तच. अशी टोकं त्यांनी गाडीने ओलांडायची. तुम्हाला खुमखुमी असेल तर एखाद्या सकाळी त्यांना न्याहारीला बसवून एकट्याने जाऊन या. त्यांना मागे सोडल्याचं वाईट वाटून घेऊ नका, घरमालकिणीशी गप्पा मारण्यात त्यांचा वेळ तुमच्यापेक्षा चांगला जातो.

या हिशेबाने तुमचा आराखडा मी असा बदलेन. पहिला दिवस नुसता प्रवासाचा. फोंडा घाट किंवा गगनबावडा, दोन्हींपैकी ज्याचा रस्ता त्या आठवड्यात बरा असेल तो, आणि हे निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्यायचं. वळणांनी मळमळतं, म्हणून आत्ती पुढच्या सीटवर. संध्याकाळी मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर अर्धा तास पाय मोकळे करायचे, त्या दिवशी याहून जास्त नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडी-वायरीहून तारकर्ली. तिसऱ्या दिवशी तारकर्ली ते देवबाग. देवबागेला जमिनीची अरुंद पट्टी आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. समुद्राकडून थकलात तर खाडीच्या बाजूने सावलीसावलीत परत. चौथ्या दिवशी होडीने कर्ली ओलांडून भोगवे. गाडी नेरूरपारच्या पुलावरून फिरून येते, तिला वेळ लागतो, म्हणून ड्रायव्हरला आधीच सोडा. होडीत चढता-उतरताना हात धरायला दोन माणसं हवीत आणि लाट असेल तर सरळ गाडीतच बसायचं. त्या दिवशी भोगव्याच्या पुळणीवर एक फेरी आणि बाकी आराम. हा आरामाचा दिवस कापू नका. सलग चालण्याचा शीण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बाहेर पडतो.

पाचव्या दिवशी खवणे-केळूसकडची टोकं गाडीने मागे टाकून वायंगणीची पुळण. इथे समुद्री कासवं अंडी घालतात आणि गावकरी घरटी राखतात. कुंपण घातलेल्या जागेपासून लांब चालायचं आणि वाळूत काठी खुपसत जायचं नाही. मुक्काम वेंगुर्ल्याला. सहावा दिवस मी स्वतःहून जोडतोय: वेंगुर्ल्याच्या पुढे आरवली ते शिरोड्याची वेळागर. सपाट, लांबलचक, सुरूच्या बनाची सावली जवळ. शिरोड्याला मिठागरं आहेत आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला, शिक्षिका असलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. चपलांच्या गावातून आलेल्या माणसाने हे बघितलंच पाहिजे.

आता तारखा. सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि बहुतेक लोक सुट्ट्या बघून तारखा काढतात. सुक्या, भुसभुशीत वाळूत चालायला डांबरी रस्त्याच्या दुप्पट श्रम पडतात. पाणी नुकतंच ओसरलेली ओली वाळू मात्र घट्ट असते, पाय रुतत नाही. म्हणजे सकाळच्या चालायच्या वेळी ओहोटी हवी. त्यासाठी मोबाइल नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. तृतीया म्हणजे तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमारास भरती आणि तिच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती बाराच्या आसपास, ओहोटी सकाळी सहाला. पुढे रोज पाऊण-पाऊण तास उशीर होत जातो. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांना हिशेब एकच. मालवणकडे मुंबईपेक्षा भरती थोडी आधीच येते, म्हणून हिशेबाच्या वेळेतून अर्धा-पाऊण तास वजा धरा.

थंडीत मालवणला सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला निघून साडेनऊला संपवायचं असेल तर ओहोटी सात ते दहाच्या मध्ये यायला हवी. म्हणून द्वितीया ते षष्ठी हे दिवस चालायला धरा आणि प्रतिपदेला घर सोडा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्यामुळे पाणी लांबवर मागे जातं आणि चालायला रुंद पट्टा मिळतो. मुंबईला उधाणात चार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं, इथे साधारण दोन मीटरच, पण उताराच्या पुळणीवर तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, तेव्हा पट्टा अरुंद. दशमी ते द्वादशी मात्र टाळाच. सकाळी आठ-नऊला पाणी वर आलेलं असतं, चालायला उरते ती वरची सुकी वाळू, आणि ती कोणताही गुडघा माफ करत नाही. बुकिंग पक्कं झालं की प्रत्यक्ष वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ताडून घ्या.

कधीही करायची नाही अशी एक गोष्ट आहे: खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरून पलीकडे जाणं. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी दिसतं, पण खाडीचं सगळं पाणी त्याच अरुंद वाटेने समुद्राकडे ओढत असतं आणि वाळूचे दांडे जागा बदलत असतात. गावातला पोऱ्या चालत गेला म्हणून आपण जायचं नाही. होडी किंवा पूल, तिसरा मार्ग नाही.

महिना म्हणाल तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य. डिसेंबर-जानेवारीतही दुपारचं ऊन ३१-३२ अंशांचं असतं आणि हवा दमट. कोल्हापूरच्या कोरड्या थंडीतून उतरलेल्या माणसाला घाम येऊन वाळत नाही याचीच सवय नसते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो गार. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, तेव्हा बरं वाटतं पण ऊन भाजत असतं आणि कळत नाही. दहानंतर आत्ती पुळणीवर दिसता कामा नयेत. दुसरं चालणं संध्याकाळी साडेचारनंतर, तेही मनात असेल तर.

याच महिन्यांत इथे जत्राही असतात. नाताळ ते ३१ डिसेंबर मालवण-तारकर्लीत पाय ठेवायला जागा नसते. आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा बहुधा फेब्रुवारीत येते, त्या दिवसांत मालवणचे रस्तेही बंद पडल्यासारखे होतात. आचऱ्याकडून सुरुवात करायचा विचार असेल तर तिथली गावपळण विचारून घ्या: दर तीन-चार वर्षांनी गावच्या गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातं, तुम्हाला चहा द्यायलाही कोणी नसेल. उलट एखाद्या छोट्या देवळात दशावताराची रात्र असेल तर दुसऱ्या दिवशीचं चालणं रद्द करून बसा. पहाटेपर्यंत जागलेल्या माणसाने सकाळी वाळू तुडवायची नसते.

आता ज्या विषयावर घरातले पुरुष कधी बोलत नाहीत तो: लघवी. वयाबरोबर तहानेची जाणीव कमी होते हे खरं, पण आमच्यासोबतच्या बायका वाटेत पाणी पीत नाहीत त्याचं कारण वेगळं असतं. पुळणीवर आडोसा नाही, कोणाला सांगायची लाज वाटते, मग त्या सकाळपासून घोटभर चहावर राहतात. त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर संकोच आणखी. दुपारी डोकं गरगरतं आणि सगळे उन्हाला दोष देतात. यावर उपाय घर सोडण्याआधीच करायचा. वाटेतल्या दोन घरांशी, खानावळींशी फोनवर बोलून ठेवा: आठ वाजता दोघं जण चहाला येऊ, घावणे असतील तर तेही चालतील. चहाचे पैसे दिले की बाथरूम हक्काने वापरता येतं. साधारण दर तासाला अशी एक जागा हवी, आणि ती आहे हे आत्तींना आदल्या रात्री नावानिशी सांगा. मग "पाणी प्या, पाणी प्या" असा जप करावा लागत नाही, त्या आपणहून पितात. गोळी सकाळी कधी घ्यायची हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा, स्वतःच्या मनाने पुढेमागे करू नका.

गोळ्यांचं निघालंच आहे तर डॉक्टरांकडे आणखी दोन प्रश्न घेऊन जा. गुडघा दुखला तर कोणती गोळी चालेल? औषधाच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या सूज-दुखण्याच्या गोळ्या बीपी वाढवतात, आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना बीपीच्या काही औषधांबरोबर मूत्रपिंडावर ताण आणतात. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, पण ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका. दुसरा प्रश्न शहाळ्यांचा. मालवणात शहाळं पाण्यासारखं प्यायलं जातं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि बीपीची काही औषधंही शरीरातलं पोटॅशियम वाढवतात. मूत्रपिंड ठीक असेल तर रोजच्या एखाद्या शहाळ्याने काही बिघडत नाही, पण विचारलेलं बरं. क्षारांच्या पावडरीची पाकिटं जवळ ठेवा, मात्र बीपीच्या माणसाने ती सरबतासारखी रोज प्यायची नसतात. घाम खूप गेला, जुलाब झाले, तरच. जेवणाबद्दल एवढंच: सुक्या मासळीचं कालवण आणि लोणचं चवीपुरतं, मिठाचा सगळा हिशेब तिथेच चुकतो. सकाळी निघण्याआधी उकड्या तांदळाची पेज पोटाला फार बरी. तांबड्या-पांढऱ्या रश्शाची आठवण दोन दिवसांत जाते.

पायांकडे येऊ. कोल्हापुरी चप्पल घरी ठेवा, खाऱ्या पाण्याने चामडं कडक होतं आणि ओल्या कातळावर ती घसरते. मागे पट्टा असलेले, बोटं झाकणारे सँडल आणि पातळ मोजे पुरेत. मोज्यांशिवाय वाळू पट्ट्याखाली घासून पहिल्याच दिवशी फोड आणते. ओल्या वाळूवर थोडा वेळ अनवाणी चालायला हरकत नाही, पण मधुमेह असलेल्यांनी ती हौसही करू नये, शिंपल्याने कापलेलं त्यांना कळत नाही. खडकांवरच्या कालवांच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते. काठी घेणार असाल तर बूड रुंद असलेली, टोकदार काठी वाळूत रुतते आणि माणूसच पुढे झुकतो.

पुळण सपाट दिसते, पण ती पाण्याकडे उतरती असते. दक्षिणेला जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे तासन्‌तास उजवा पाय खालच्या अंगाला पडतो. कोणाच्या गुडघ्याला हे सोसतं, कोणाच्या नाही, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून महिनाभर आधी एका रविवारी आंबा घाटाने रत्नागिरीला उतरून भाट्याच्या पुळणीवर तासभर चाला, अर्धा तास जाताना, अर्धा तास येताना. आत्ती स्वतःच सांगतील की कोणत्या दिशेला डावा गुडघा बोलतो. दक्षिणेला जाताना बोलत असेल तर मालवणहून शिरोड्याऐवजी शिरोड्याहून मालवणला या. उत्तरेकडे चालताना हिवाळ्यातलं ऊन पाठीवर येतं, हा वर फायदा.

बाकी तयारी कोल्हापुरातच होते. रंकाळ्याची रोजची फेरी चांगली, पण ती सपाट आणि टणक. आठवड्यातून दोनदा विद्यापीठाच्या परिसरातल्या मातीच्या वाटा, एकदा पन्हाळ्यावर चढ-उतार. घरी, हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं. कसोटी माझी एकच आहे: लागोपाठ दोन दिवस सहा-सहा किलोमीटर चालायचं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना काय होतं ते बघायचं. तिसऱ्या सकाळी चहा करायला त्या नेहमीसारख्या उठल्या, तर निघा. भिंत धरली, तर महिना पुढे ढकला. आणि दिवसाचा आकडा हवाच असेल तर हा घ्या: सकाळी पाच ते सहा, संध्याकाळी मनात आलं तर दोन.

चालताना आत्ती पुढे, तुम्ही मागे. वेग त्यांचा. "दमलात का?" हे विचारू नका, आपल्याकडचं कोणतंही मोठं माणूस याला हो म्हणत नाही. त्याऐवजी त्यांची वाळूवरची पावलं वाचा. सुरुवातीला ठसे स्वच्छ आणि सारख्या अंतरावर असतात. दम लागला की अंतर कमी होतं, पुढे बोटं ओढल्याची रेघ दिसायला लागते, एखादा पाय बाहेर वळतो. ही रेघ दिसली की थांबायचं निमित्त तुम्ही काढा. मच्छीमार रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर सगळ्यात उत्तम, तिथे माणूस आपणहून अर्धा तास उभा राहतो, आणि होडीच्या काठावर बसायला जागाही मिळते. बोलणारं माणूस गप्प झालं, तर रेघेची वाट बघू नका, पहिल्या पाणंदीने बाहेर पडा.

सिंधुदुर्ग किल्ला आत्तींना बघायचा असणारच. त्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, आणि मालवण १८१२ मध्ये इंग्रजांकडे जाईपर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होतं, म्हणजे आपल्या माणसाला तिथे पाहुणेपण वाटायचं कारण नाही. पण किल्ल्याचा दिवस आणि चालायचा दिवस एक करू नका. होडीचा धक्का, पायऱ्या, आत ऊन, हे मिळून एक पूर्ण सकाळ खातं. पहिल्या दिवशी लवकर पोचलात आणि समुद्र शांत असेल तर बघा, नाहीतर पुढच्या खेपेला.

दुखलं-खुपलं तर १०८ चा नंबर आहे, आणि मोठं रुग्णालय म्हणजे ओरोसचं जिल्हा रुग्णालय. फार गंभीर असेल तर तिकडचे लोक बांबोळीला, गोव्यात नेतात, किंवा घाट चढून आपल्याकडेच आणतात. गोळ्यांची चिठ्ठी, रक्तगट आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून एक प्रत आत्तींच्या पर्समध्ये, एक ड्रायव्हरकडे.

परतीला शिरोड्याहून सावंतवाडी, आंबोली, आजरा असा रस्ता धरा. इतके दिवस चाललेला माणूस चार-पाच तास गाडीत पाय लोंबकळत बसला की घोट्यांना सूज येते. दर तासाला उतरवून पाच मिनिटं चालवा, आंबोलीत जरा जास्त वेळ. दुसऱ्या दिवशी एकाच पायाची पोटरी सुजलेली आणि दुखरी वाटली तर मात्र शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दोन्ही पाय सारखेच जड वाटत असतील तर एक-दोन दिवस झोपताना पायाखाली उशी घ्या आणि रंकाळ्याला पुन्हा जायला लागा.